आजीची भाषा आणि नातवंडांची शाळा

श्रोतेहो, आरंभीं एक लहानसा प्रसंग आपणांपुढें ठेवतों. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल. तेथील एका प्राथमिक शाळेंत पालकांस भेटीसाठीं बोलाविलें आहे अशी कल्पना करा. मेजाच्या एका बाजूस इंग्रजी बोलणाऱ्या शिक्षिकाबाई बसल्या आहेत. दुसऱ्या बाजूस आईबाप, ज्यांस इंग्रजीचा गंध नाहीं. आणि दोहोंच्या मध्यें त्यांची दहा वर्षांची मुलगी, दुभाषी म्हणून. बाई सांगतात, ‘मुलगी हुशार आहे, पण गेला महिनाभर तिनें घरीं दिलेला अभ्यास केलेला नाहीं.’ मुलगी क्षणभर थांबते आणि आईकडे वळून म्हणते, ‘बाई म्हणतात, मुलगी हुशार आहे.’ आईबाप संतुष्ट होतात, बाईंचे आभार मानतात, आणि बाईंस वाटतें कीं आपला निरोप पोहोंचला.

आपण हंसलां असाल. हंसण्यासारखीच ही गोष्ट आहे. परक्या भाषेच्या मुलुखांत जाऊन राहिलेल्या कुटुंबांतून ती थोड्याफार फरकानें ऐकूं येते, आणि ती सांगणारे बहुधा लहानपणचे ते दुभाषीच असतात. परंतु तीच मुलगी दुसऱ्या दिवशीं आईबरोबर दवाखान्यांत जाते, आणि डॉक्टरांनीं उच्चारलेलें एखाद्या मोठ्या आजाराचें नांव तिलाच आईच्या कानीं घालावें लागतें. घरमालकाची नोटीस तीच वाचते, सरकारी अर्ज तीच भरते, विजेचें बिल थकलें तर कंपनीशीं टेलिफोनवर तीच बोलते. घराच्या किल्ल्या दहा वर्षांच्या मुलीच्या कमरेस आल्या आणि वडीलकी आईबापांच्या हातून निसटली. पुढें पांचसहा वर्षांनीं बाप रागावून ‘रात्रीं उशिरा बाहेर जाऊं नकोस’ म्हणतो, तेव्हां त्या शब्दांत वजन उरलेलें नसतें. ज्याला घरमालकाशीं दोन शब्द बोलतां येत नाहींत त्याचें म्हणणें मीं कां ऐकावें, असें मुलीच्या मनांत येतें; आणि असें मनांत आल्याबद्दल तिचें तिलाच वाईटहि वाटतें.

हें कुटुंब ह्मोंग जातीचें आहे. आज मी ज्या शाळांविषयीं बोलणार आहें त्या या लोकांनीं अमेरिकेंत आपल्या मुलांसाठीं चालविलेल्या शाळा. परंतु हे लोक कोण, हें सांगितल्याखेरीज त्यांच्या शाळा कळणार नाहींत.

ह्मोंग हे मूळचे दक्षिण चीनमधील डोंगराळ मुलुखांतले. एकोणिसाव्या शतकांत त्यांच्यापैकीं पुष्कळ कुटुंबें दक्षिणेकडे सरकलीं आणि लाओस, व्हिएतनाम व थायलंड येथील डोंगरमाथ्यांवर वस्ती करून राहिलीं. उतारावरची झाडी तोडावयाची, जाळावयाची, राखेंत भात नि मका पेरावयाचा, आणि जमिनीचा कस उतरला कीं पुढच्या डोंगराकडे वळावयाचें, असा त्यांचा शेतीचा क्रम होता. समाज कुळांचा, साधारणतः अठरा कुळें मानतात, आणि एका कुळांतील स्त्रीपुरुषांचा विवाह निषिद्ध, आपल्याकडील सगोत्र विवाहासारखाच. लिहिण्यावाचण्याची परंपरा त्यांच्यांत नव्हती. त्याबद्दल एक दंतकथा मात्र होती: पूर्वीं आपल्याजवळहि ग्रंथ होता, शत्रूपासून पळतांना नदी ओलांडावी लागली आणि तो वाहून गेला. कोणी सांगतात, प्रवासानें दमून माणसें झोंपलीं असतां जनावरांनीं तो खाऊन टाकला. निरक्षर समाजानें आपल्या निरक्षरतेची अशी खंत जपून ठेवावी, यावरूनच विद्येविषयींची त्यांची भूक कळावी.

पुढें लिपि आली, आणि एक सोडून दोन आल्या. १९५१ ते १९५३ या काळांत लिनवुड बार्नी व विल्यम स्मॉली हे अमेरिकन मिशनरी आणि ईव्ह बर्त्रे हे फ्रेंच पाद्री यांनीं लाओसमध्यें ही भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धति बसविली. १९५९ मध्यें शाँग लू यांग या ह्मोंग शेतकऱ्यानें, ज्याला कोणतीच लिपि येत नव्हती, आपल्या भाषेसाठीं एक सर्वस्वीं नवी लिपि रचली. निरक्षर माणसानें लिपि निर्माण करावी हा चमत्कारच. पण तो काळ युद्धाचा होता, आणि १९७१ मध्यें त्याचा खून झाला.

तें युद्ध लाओसमधील. १९६१ पासून १९७५ पर्यंत अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानें वांग पाओ या सेनापतीच्या हाताखालीं ह्मोंग लोकांची सेना उभी करून लढविली, आणि हें सर्व इतकें गुपचूप कीं खुद्द अमेरिकन जनतेसहि त्याचा पत्ता नव्हता. १९७५ च्या मे महिन्यांत सेनापति विमानानें निघून गेला. मागें राहिलेलीं कुटुंबें जंगलांतून पायपीट करीत मेकाँग नदीपर्यंत आलीं. कोणी बांबूच्या तराफ्यावर, कोणी नुसत्या बांबूच्या आधारानें नदी ओलांडूं लागलें, आणि पुष्कळजण पैलतीरास पोहोंचलेच नाहींत. थायलंडमधील बान विनाई येथील निर्वासितांच्या छावणींत एके काळीं चाळीस हजारांहून अधिक माणसें रहात होतीं. तेथून त्यांची अमेरिकेस रवानगी होऊं लागली. शेवटचा मोठा गट, सुमारें पंधरा हजारांचा, २००४ नंतर थायलंडमधील एका बौद्ध मठाच्या आवारांतून आला. आज अमेरिकेंत ह्मोंग वंशाचे तीन लाखांहून अधिक लोक आहेत; सर्वांत अधिक कॅलिफोर्नियांत, परंतु एका शहरांत दाटीनें वसलेले पहावयाचे तर सेंट पॉल आणि त्याचें जुळें शहर मिनिआपोलिस येथें. सरकारनें त्यांस प्रथम देशभर विखरून ठेविलें होतें. कुळाचीं माणसें कुळाला शोधीत पुन्हा एकत्र आलीं. ज्यांनीं जन्मांत कधीं बर्फ पाहिला नव्हता त्यांनीं अमेरिकेंतील अत्यंत थंड शहरांपैकीं एक आपलें म्हणून निवडावें, याचें कारण हवामानांत सांपडणार नाहीं. तेथें आपलीं माणसें होतीं.

आतां शाळेकडे वळूं. या कुटुंबांचीं मुलें प्रथम सरकारी इंग्रजी शाळांत गेलीं, आणि वयाप्रमाणें वर्ग ठरविण्याची तेथील रीति असल्यामुळें ज्याच्या हातांत कधीं पेन्सिल आली नव्हती असा बारा वर्षांचा मुलगा बारा वर्षांच्या मुलांतच बसविला गेला. त्याला इंग्रजी शिकविण्याचे जादा तास होते, प्रेमळ शिक्षकहि होते. तरी त्या शाळेंत त्याच्या घराची म्हणून एकहि वस्तु नव्हती. इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या बापाचें युद्ध नव्हतें; आणि वर्गांतलीं मुलें त्याला विचारीत, तूं चिनी कीं जपानी? शिवाय शाळाखात्याच्या कोष्टकांत त्याचा समावेश ‘आशियाई’ या सदरांत होई. त्या सदरांत डॉक्टर-इंजिनियर होऊन आलेल्या हिंदी व चिनी गृहस्थांचीं मुलें असल्यामुळें सरासरी उत्तम निघे, आणि आशियाई मुलांस मदतीची गरज नाहीं असा निष्कर्षहि निघे! सरासरीच्या या झांकणाखालीं ह्मोंग मूल वर्षानुवर्षें दिसलेंच नाहीं. मिनेसोटानें २०१६ मध्यें कायदा करून निरनिराळ्या समाजांचे आंकडे वेगळे मांडण्याची व्यवस्था केली, ती या समाजांनीं आग्रह धरल्यावर.

आपल्या मराठी घरांतील कांहीं श्रोत्यांच्या मनांत येईल कीं, आमचींहि मुलें अमेरिकेंत आहेत, तींहि घरीं मराठी आणि बाहेर इंग्रजी बोलतात, रविवारीं मंडळाच्या मराठी शाळेंत जातात. त्यांचें तर कांहीं अडलें नाहीं. खरें आहे. परंतु बहुतेक मराठी बाप पदवी घेऊन विमानांत बसला. मुलाचें प्रगतिपुस्तक तो मुलापेक्षां चांगलें वाचतो. मराठी घरांत भाषा गेली तर ठेवा गेल्याची हळहळ वाटते. ह्मोंग घरांत भाषा गेली म्हणजे आईबाप आणि मूल यांच्यांत बोलण्याचें साधनच गेलें. कारण आईबापांस दुसरी भाषा नव्हती आणि मुलाची पहिली झिजत चालली होती. जेवलास का, झोंप, दार लाव, एवढ्या बोलण्यास पुरेल इतकी ती उरे. मनांत कांहीं सलत असेल तर तें सांगावयास पुरेल इतकी उरत नसे.

आणि सलत असे. १९९८ ते २००१ या अवधींत कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरांत आठ ह्मोंग किशोरवयीन मुलामुलींनीं आपल्या जिवाचा अंत केला. अशा मृत्यूंचें एक कारण दाखवून मोकळें होणें हें अज्ञानाचें लक्षण आहे, आणि मी तें करणार नाहीं. प्रत्येक घराचें दुःख वेगळें असतें. एवढेंच म्हणतों कीं, त्या घटनांनंतर ह्मोंग वडीलधाऱ्यांस आणि तेथील शिक्षकांस एक प्रश्न टाळतां येईना: मूल शाळेंत असतें दिवसाचे सात तास, त्या सात तासांत त्याच्या मनांतली गोष्ट त्याला कोणत्या भाषेंत आणि कोणापाशीं बोलतां येते?

मिनेसोटांत १९९१ मध्यें एक नवा कायदा झाला होता. त्या अन्वयें शिक्षकांच्या व पालकांच्या मंडळास सनद घेऊन, म्हणजे ‘चार्टर’ घेऊन, सार्वजनिक खर्चानें शाळा काढतां येते. प्रत्येक मुलामागें राज्याकडून ठराविक रक्कम मिळते. फी घ्यावयाची नाहीं, परीक्षा घेऊन मुलें निवडावयाचीं नाहींत, जागांपेक्षां अर्ज अधिक आले तर चिठ्ठ्या टाकावयाच्या. आणि सनद देणाऱ्या संस्थेस शाळेचें काम असमाधानकारक वाटलें तर ती सनद काढूनहि घेते. या कायद्याखालीं सेंट पॉलमध्यें २००० सालीं होप कम्युनिटी अकॅडमी निघाली, २००४ मध्यें ह्मोंग कॉलेज प्रेप अकॅडमी. त्याच वर्षीं शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यांत, मिलवॉकी येथें, ह्मोंग अमेरिकन पीस अकॅडमी. २०१० मध्यें कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो शहरींहि अशी एक शाळा सुरू झाली. तिच्या ह्मोंग नांवाचा अर्थ ‘भविष्याची तयारी’ असा आहे. पुढें सरकारी शाळांनींहि हें पाहून ह्मोंग भाषेचे वर्ग उघडले.

या शाळांत विशेष तें काय? गणित, विज्ञान, इंग्रजी इतरांसारखेंच, आणि परीक्षाहि त्याच. जोडीला ह्मोंग भाषेचा तास असतो. मुली, आणि आतां मुलगेहि, ‘पा न्दाउ’ शिकतात. या शब्दाचा अर्थ फुलाचें कापड. हें ह्मोंग स्त्रियांचें भरतकाम. छावण्यांत बसल्या बसल्या बायकांनीं याच भरतकामांत आपल्या पलायनाचीं चित्रें काढलीं. डोंगरावरचें घर, विमान, नदी, नदींत माणसें. ज्यांच्या हातीं लेखणी नव्हती त्यांनीं सुईनें इतिहास लिहिला. वर्गांतल्या भिंतीवर असें एक कापड टांगलेलें असलें म्हणजे ‘तूं कुठला?’ या प्रश्नाचें उत्तर मुलाला शोधावें लागत नाहीं.

परंतु मला विचाराल तर अशा शाळेंतील सर्वांत महत्त्वाची व्यक्ति भरतकाम शिकविणारी नव्हे, मुख्याध्यापकहि नव्हे. ती कचेरींत टेलिफोन उचलणारी बाई. सकाळीं आजी शाळेस टेलिफोन करते, आणि पलीकडून तिच्या भाषेंत, तिच्या नात्याला शोभेल अशा आदरानें उत्तर येतें. नातवाला ताप आहे, तो आज येणार नाहीं, हें ती स्वतः सांगते. मधें नातू नाहीं. पालकांच्या भेटीच्या दिवशीं शिक्षक आईबापांशीं थेट बोलतात. अभ्यास केला नाहीं तर केला नाहीं हें आईबापांस कळतें, आणि घरीं गेल्यावर काय व्हावयाचें तें होतें. मुलीचें दुभाषेपण सुटलें. ती पुन्हा दहा वर्षांची झाली. बापाचें वजन त्याला कोणी भाषण करून परत देत नाहीं. तें अशा रीतीनें, टेलिफोनच्या एका संभाषणांतून, परत येतें. मुलाच्या मनाचें स्वास्थ्य या गोष्टीशीं फार जवळून बांधलेलें आहे असें माझें मत आहे. ज्या घरांत मोठीं माणसें मोठीं आहेत त्या घरांतच मुलाला लहान असण्याची सोय असते.

असे शिक्षक आणावयाचे कोठून, हा प्रश्न मोठाच होता. ह्मोंग भाषा येणारे पुष्कळजण शाळांत होते, पण मदतनीस म्हणून. त्यांस शिक्षकाचा परवाना नव्हता. सेंट पॉलच्या काँकॉर्डिया विद्यापीठानें आग्नेय आशियांतून आलेल्या अशा मदतनिसांस नोकरी संभाळून शिक्षक होतां यावें यासाठीं खास अभ्यासक्रम चालविला. वर्गाच्या कोपऱ्यांत बसून मुलाच्या कानांत भाषांतर करणारा माणूस फळ्यापुढें येऊन उभा राहिला, हें मुलांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

आतां मनाच्या विचारपुशीविषयीं. अमेरिकेंतील शाळांत अभ्यासाखेरीज मुलांच्या मनाची काळजी घेण्यासाठीं समुपदेशक असतात. अडीचशें मुलांमागें एक असावा अशी त्यांच्याच संघाची शिफारस आहे, आणि पुष्कळ राज्यांत ती पुरी होत नाहीं. समजा, अशा सल्लागारानें ह्मोंग आईस सांगितलें कीं तुमच्या मुलाला मानसिक विकार आहे. दुभाष्यानें त्याचें भाषांतर सरळ केलें तर तें वेडाच्या शब्दापाशीं येऊन ठेपतें, आणि आई उठून चालूं लागते. माझें मूल वेडें नाहीं!

आणि गंमत अशी कीं, मनाविषयीं बोलावयास ह्मोंग भाषेजवळ शब्दांची मुळींच वाण नाहीं. फक्त ती भाषा मनाची जागा यकृतांत मानते. ‘शिया’ म्हणजे यकृत. आनंद झाला म्हणजे यकृत चांगलें झालें. मन दुखावलें म्हणजे यकृत तुटलें. सोशिक माणसाचें यकृत लांब, तापट माणसाचें आंखूड. आणि ज्या अवस्थेला डॉक्टर खिन्नतेचा आजार म्हणतात तिला ह्मोंग माणूस म्हणतो, यकृताला जड जात आहे, कठीण जात आहे. हें ऐकून इंग्रजी बोलणारा माणूस चकित होतो. मराठी माणसानें चकित होण्याचें कारण नाहीं. आपण ज्याला काळीज म्हणतों तें तरी मूळचें काय? खाटिकाकडे काळीज मागितलें तर तो यकृतच देतो. आणि तेंच काळीज आपल्या कवितेंत तुटतें, फाटतें, पिळवटतें. तेव्हां ह्मोंग आईस शाळेंतील बाई जवळ बसवून विचारते, ‘मुलाच्या काळजाला कांहीं जड जात आहे का?’ आणि आई एक तास बोलत राहते. प्रश्न तोच होता. तो घराच्या दारानें आंत गेला, एवढाच फरक.

कांहीं कुटुंबांत मूल आजारी पडलें, सारखें घाबरूं लागलें, तर त्याचा एखादा आत्मा वाटेंत कोठें राहून गेला असें समजून त्याला परत हांक मारण्याचा विधि करतात व मनगटावर पांढरा दोरा बांधतात. दुसऱ्या दिवशीं मूल तो दोरा घालून शाळेंत येतें. पूर्वींच्या शाळेंत त्यास कोणी विचारलें असतें, हें काय घाणेरडें बांधलें आहेस? येथें त्याच्या शिक्षिकेच्या मनगटावरहि कधीं काळीं तसा दोरा होता. ती समजते कीं घरीं काळजी करणारीं माणसें आहेत, आणि मुलाला तो ठेवूं देऊन वर त्यास डॉक्टरकडे नेलें का हेंहि विचारते. दोन्ही विचारण्याचा अधिकार तिला आहे.

भाषेच्या तासाविषयीं पुष्कळांस शंका असते. मुलांचें इंग्रजी आधींच कच्चें. त्यांत आणखी ह्मोंग शिकवून वेळ कां घालवावा? हा आक्षेप घेणारे ह्मोंग पालकहि आहेत, आणि त्यांची काळजी खोटी नाहीं. याचें उत्तर कॅनडांतील जिम कमिन्स यांनीं १९७९ मध्यें मांडलेल्या सिद्धांतांत आहे. एका भाषेंत मिळविलेली वाचनाची व विचाराची शक्ति दुसऱ्या भाषेच्या कामीं येते, असें त्यांचें म्हणणें. आणि पुढील संशोधनानें त्यास बऱ्याच अंशीं पुष्टि दिली. आपल्याकडे ज्यांनीं चौथीपर्यंत मराठीचें व्याकरण नीट केलें त्यांस इंग्रजीचें व्याकरण जड गेलें नाहीं, हा अनुभव जुन्या पिढींतील श्रोत्यांस आठवेल.

परंतु अट अशी कीं, ती भाषा खरोखर शिकविली पाहिजे. वर्षांतून एकदां नववर्षाच्या सणास चांदीचे दागिने घालून मुलींना नाचविलें आणि संस्कृति झाली, असें मानणारी शाळा मुलांस फसविते. अशा शाळा निघाल्या म्हणजे सर्व चांगल्याच निघतात असें नाहीं. कांहींचे परीक्षेचे निकाल वर्षानुवर्षें निराशाजनक राहिले. आजीशीं गोड बोलणारी शाळा नातवाला अपूर्णांक शिकवीत नसेल तर आजीनें ती बदलावी. आणि ह्मोंग आज्या व्यवहारांत मागें नाहींत, त्या बदलतातहि.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अमेरिकेंत वर्णानुसार वेगळ्या शाळा काढण्याच्या प्रथेविरुद्ध मोठा लढा झाला, आणि १९५४ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती प्रथा बेकायदेशीर ठरविली. मग आतां आपण होऊन वेगळें बसावयाचें कशाला? माझ्या मतें लादलेलें वेगळेपण आणि निवडलेलें वेगळेपण यांत भेद आहे. या शाळांचें दार कायद्यानें सर्वांस उघडें असतें, आणि कोणत्याहि पालकास उद्यां मूल काढून दुसरीकडे घालतां येतें. तरी आक्षेप निखालस संपत नाहीं. ज्या मुलानें अठराव्या वर्षापर्यंत आपल्याच लोकांत दिवस काढले त्याला विद्यापीठांतील पहिलें वर्ष एकटें जातें. चांगल्या शाळा हें जाणून मुलांस आधींच बाहेर नेतात, विद्यापीठें दाखवितात. कांहीं शाळा पदवीचे धडे शाळेंतच सुरू करतात.

मुलींचा प्रश्न मात्र वेगळा मांडला पाहिजे. ह्मोंग समाजांत मुलीचें लग्न लौकर करण्याची चाल होती. १९९० नंतरच्या दशकांत सेंट पॉलमध्यें शाळा पुरी होण्यापूर्वींच लग्न झालेल्या मुली पुष्कळ होत्या. लग्न कुळाच्या रीतीनें होई, सरकारी दप्तरांत त्याची नोंद नसे. शिक्षकांस वाटे, हिचें शिक्षण संपलें. परंतु त्या काळीं पाहणी करणाऱ्यांस असेंहि दिसलें कीं, यांतील कितीतरी मुलींनीं सासरीं राहून शाळा पुरी केली. मी या चालीची तरफदारी करीत नाहीं. पंधरा वर्षांच्या मुलीनें पहांटे उठून सासरचा भात शिजवावा आणि मग बीजगणिताच्या तासास बसावें यांत कौतुक करण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु ती पुढेंहि बसूं शकते हें ज्या शिक्षकास ठाऊक असेल तोच तिची जागा राखून ठेवील. आज ही चाल पुष्कळ ओसरली आहे. मिनेसोटानें २०२० मध्यें अठरा वर्षांखालील विवाह कायद्यानें बंद केला. पण त्यापूर्वींच मुलींनीं विद्यापीठाच्या वर्गांत आपल्या जागा धरल्या होत्या.

कारण हा समाज शिकला, यांत संशय नाहीं. १९९० च्या शिरगणतींत पंचविशीपुढील ह्मोंग लोकांत पदवीधर शेंकडा ५ च्या आसपास होते; २०१९ च्या सुमारास तें प्रमाण शेंकडा २० च्या वर गेलें. लाओसमध्यें जन्मलेल्या मी मोआ या बाई २००२ मध्यें मिनेसोटाच्या सिनेटांत निवडून आल्या. अमेरिकेंतील कोणत्याहि राज्याच्या विधिमंडळांत बसलेल्या त्या पहिल्या ह्मोंग. प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, या पदवीधरांपैकीं बहुसंख्य या शाळांत कधीं बसलेले नाहींत. ते त्या जुन्या सरकारी शाळांतूनच वर आले. म्हणून वेगळ्या शाळेवांचून यश नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. मात्र असें वर आलेले लोक काय सोडून वर आले हें त्यांस विचारावें. आजीच्या मरणसमयीं तिच्याशीं बोलावयास शब्द नव्हते, असें सांगणारे त्यांत सांपडतील. आणि नव्या शाळांच्या मंडळांत पुढें कोण बसलें हेंहि त्यावरून उमगेल.

आतां काळ पुन्हा बदलला आहे. आज पहिलींत येणाऱ्या मुलाची आई बहुधा अमेरिकेंतच जन्मली. ती शिक्षिकेशीं इंग्रजींत बोलते, बिलें स्वतः भरते. मेजावरची ती दुभाषी मुलगी आतां स्वतः आई झाली आहे. घरांत भाषा उरली ती आजीजवळ. तेव्हां शाळेचेंहि काम पालटलें: पूर्वीं मुलें ह्मोंग घेऊन येत व इंग्रजी शिकत, आतां बरींच मुलें इंग्रजी घेऊन येतात व ह्मोंग पहिल्यापासून शिकतात. आणि ती सोपी नाहीं. तिच्यांत स्वरांच्या आठ चाली मानतात. अक्षर तेंच, पण आवाज चढला, उतरला, मधें तुटला कीं अर्थ बदलतो. ‘पॉ’ हें एकच अक्षर घ्या. एका स्वरांत त्याचा अर्थ गोळा, दुसऱ्यांत स्त्री, तिसऱ्यांत फेंकणें, चौथ्यांत प्लीहा, पांचव्यांत काटा, सहाव्यांत पाहणें. आणि एका खालच्या, श्वासमिश्रित स्वरांत, बापाची आई.

शिक्षिका घरचा अभ्यास देते: आज आजीला तिच्या नात्यानें हांक मारा आणि तिच्या लहानपणची एक गोष्ट विचारून या. मूल घरीं जातें, दारांतूनच हांक मारतें, आणि स्वर चुकतो. आजी मान वर करून पाहते. ‘काटा?’ ती म्हणते, ‘मी काटा का रे?’ आणि हंसूं आवरल्यावर त्याला जवळ बसवून पुन्हा म्हणावयास लावते.